आमचे नवे ड्रायव्हर, निवृत्त हवालदार

हुपरीत आमचा चांदीचा धंदा. पैंजणाचा माल घेऊन आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जावं लागतं. दिवाळीच्या आधी एक मोटारसायकल गावापासून पार गोकुळ शिरगावपर्यंत मागे होती. घडलं काहीच नाही, पण बायकोनं धोशा लावला, सुरक्षेची जाण असलेला ड्रायव्हर ठेवा म्हणून.

सिक्युरिटी एजन्सीकडे गेलो तर पहिला प्रश्न, "बंदूकवाला देऊ?" म्हटलं, बाबा, मला गाडी चालवणारा हवाय. २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना मागितला, तर साहेबांना अर्जंट फोन आला. तिथून उठलो. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीतून लष्करातून निवृत्त झालेले हवालदार मिळाले. तरीही पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दुरुस्त केलं. "मालक, गर्दीत थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. तेवढी जागा असली की वळवून निघता येतं." मी वीस वर्षं बंपरला बंपर लावून चालवतोय! गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावतात. रस्ताही बदलतात, एक दिवस पट्टणकोडोलीवरून, एक दिवस गोकुळ शिरगावकडून. निघायची वेळ मलाही आदल्या रात्रीच कळते. चहाला टपरीवर थांबणं बंद, ह्याचा मात्र मला अजून राग आहे.

आणि कुणी मागे लागलंच तर? "घरी न्यायचं नाही. सरळ पोलीस ठाण्यात."

पगार नेहमीच्या ड्रायव्हरच्या दुप्पट. वडील अजून कुरकुरतात. ते एसटीनं माल न्यायचे, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून.