लाईट घालवायची ड्युटी

मी वीज खात्यात लाईनमन. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे, म्हादई नदीच्या अंगाची गावं आमच्या सेक्शनला येतात. आम्हाला येणारे फोन ठरलेले, लाईट गेली, एकच फेज येतोय, काजूची फांदी वायरवर पडलीय, कालोत्सवाला मांडव घातलाय जरा जादा लाईट लावून द्या. काळोख पाहिजे म्हणून कोण आलं ते पहिल्यांदाच, डिसेंबर २०२३ मध्ये. एका वाड्यावरच्या प्राथमिक शाळेचे मास्तर पंचायतीच्या लेटरहेडवर अर्जच घेऊन आले, १४ तारखेच्या रात्री बारा ते तीन स्ट्रीटलाईट बंद ठेवाव्यात, कारण उल्कावर्षाव. जेई साहेबांनी, म्हणजे आमच्या ज्युनियर इंजिनियरनी, अर्ज दोनदा वाचला, मास्तरांकडे बघितलं, मग मला म्हणाले, "तूच जा, नाईट तुझीच आहे. पण घरांचा सप्लाय जाता नये हां."

मी मास्तरांना म्हटलं, गुरुवार कशाला, शनिवारी रात्री ठेवा, रविवारी पोरांना सुट्टी. तर म्हणाले, अहो ही काय ग्रामसभा आहे का पुढे ढकलायला! मग तिथंच टेबलावर कागद घेऊन त्यांनी मला सगळं काढून दाखवलं. फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, १९८३ साली सापडला, पाचेक किलोमीटरचा, दीड वर्षाच्या आतच सूर्याला फेरी मारतो. त्याच्या वाटेवर बारीक खडे नि धूळ पसरलीय आणि पृथ्वी दर डिसेंबरात त्यातनं जाते. बाकीचे उल्कावर्षाव बहुतेक धूमकेतूंचे, हा खडकाचा. त्यावर्षी सगळ्यात जोर आपल्याकडच्या मध्यरात्री, साडेबाराच्या आसपास, आणि अमावास्या नुकती झालेली, म्हणजे चंद्रकोर संध्याकाळीच मावळून मोकळी. त्या महिन्यात आणखी पण बरंच होतं, १७ ला शनीशेजारी चंद्र, २२ ला गुरूशेजारी, त्याच दिवशी वर्षातला सगळ्यात लहान दिवस. पण ते सगळं पोलाखाली उभं राहूनसुद्धा दिसतं, उल्कांना काळोखच लागतो. याच उल्का २६ ला, दत्तजयंतीच्या पौर्णिमेला आल्या असत्या तर माझी गरजच नव्हती, चंद्रानेच सगळं धुऊन टाकलं असतं.

आता कामाचं सांगतो. वाड्यावर स्ट्रीटलाईटची वायर वेगळी असते, ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतनं जाते, आत टायमर, त्याच्या इशाऱ्यावर लाईट चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर आणि किटकॅट फ्यूज, म्हणजे हाताने ओढून काढायचे चिनीमातीचे फ्यूज. टायमरला हात लावला की पुढचे चार दिवस वेळ चुकल्याच्या तक्रारी, म्हणून मी फ्यूजच काढायचं ठरवलं. पेटी उघडली तर नेहमीप्रमाणे मुंग्यांनी आत मातीचा ढीग केलेला, हातमोजे घालून एकेक ग्रिप ओढली, तिसरी ओढली तसा नदीकडचा शेवटचा पोलही गेला.

आणि तरी काळोख झालाच नाही. एकाच्या ओट्यावर फोकस, दुकानावर बोर्ड, तुळशीपुढे झीरोचा बल्ब, पोरांच्या हातात मोबाईल. मास्तर दारोदार फिरून एकेक लाईट घालवत होते तोवर मला एका आजोबांचा फोन, पोलावरची लाईट का गेली, गवे येतात माहीत नाही काय तुला? त्यांचं बरोबरच होतं, गेल्याच हंगामात त्यांच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गवे घुसलेले. म्हणून वाड्याच्या तोंडावर दोन धडधाकट तरुण बॅटऱ्या घेऊन बसवले. बॅटऱ्यांच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला, लाल उजेडाने डोळ्यांना लागलेली काळोखाची सवय कमी मोडते म्हणे. मला विचाराल तर असले कार्यक्रम करणाऱ्यांनी आकाशाआधी गव्यांचा बंदोबस्त बघावा.

शाळेच्या मैदानात ताडपत्री टाकून पोरं, आया, म्हातारे सगळे उताणे. दव असं की ताडपत्री ओली गार. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसेना, एवढ्याचसाठी का हा खटाटोप असं वाटलं. मास्तर म्हणाले थांबा, डोळ्यांना अर्धा तास लागतो. आणि खरंच, हळूहळू मृग, त्याच्या खाली व्याध, दक्षिणेला डोंगराच्या वर अगस्ती, मध्ये जागाच उरली नाही इतके तारे. पोलावर चढणारा माणूस मी, वर बघायचं ते फक्त इन्सुलेटरपर्यंत.

उल्का कुठूनही येत होत्या, पण रेघ मागे ओढत नेली की पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी जायची. सेकंदाला ३५ किलोमीटर वेग, तरी उल्कांमध्ये ही मंडळी सावकाश धरतात, नोव्हेंबरातल्या सिंह राशीतल्या ७१ ने येतात. त्यामुळे "तो बघ" म्हणायला वेळ मिळतो. चौथीतली एक पोरगी एका खिशातले चिंचोके दुसऱ्या खिशात टाकून मोजत होती, दीड वाजता तिचे चिंचोके संपले, मग ते परत उलटे टाकायला लागली. दोनच्या सुमारास एक मोठी आली, पिवळी, गुरूपेक्षा कितीतरी झगझगीत, शेवटी फुटल्यासारखी झाली आणि मागे रेघ राहिली. सगळा वाडा ओरडला, आणि माझा हात सरळ फोनकडे, मला वाटलं अकरा केव्हीच्या मोठ्या लाईनचा जंपर, म्हणजे जोडवायर, उडाला!

तीनला फ्यूज घातले तेव्हा दोन-तीन पोरं "काका, आणखी थोडा वेळ" म्हणत पेटीपर्यंत मागे आली. पण अर्जावर तीन म्हणजे तीन.

२०२४ ला मास्तर आलेच नाहीत. दत्तजयंती नेमकी १४ डिसेंबरलाच होती. २०२५ ला मात्र अर्ज दोन आले, शेजारच्या वाड्याचा पण, आणि त्या वर्षी चंद्र दीड-दोनला उगवणार म्हणून दोघांनाही अकरा ते दीडच पाहिजे. दोन वाडे, दोन ट्रान्सफॉर्मर, मध्ये नदी आणि लाईनमन एक. जेई साहेब म्हणाले, ड्रॉ काढा. शेवटी ठरलं की शेजारच्या वाड्याने ताडपत्र्या घेऊन इकडेच यायचं, चहा त्यांच्याकडून.