जवळच्या दुकानांतील किमती पाहताना

एखादी वस्तू विकत घ्यायचे ठरले की मी प्रथम तिच्या बारकोडखालचा १२ किंवा १३ अंकी क्रमांक जुन्या वेष्टनावरून किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळवतो आणि तोच इंटरनेटवर शोधतो. नावाने शोधल्यास जुने मॉडेल, लहान आकार आणि अपुरा संच हे सारे शेजारीशेजारी दिसू लागते, आणि समोरच्या दोन किमती एकाच वस्तूच्या आहेत का, हेच कळेनासे होते. वजन किंवा आकार बदलला की सहसा क्रमांकही बदलतो, त्यामुळे ही गफलत टळते. सुट्या मालाला मात्र असा क्रमांक नसतो. तेथे किलोमागे किंवा लिटरमागे किती पडते, हेच पाहावे. ९०० ग्रॅमचे पाकीट एक किलोच्या पाकिटापेक्षा दहा टक्क्यांनी स्वस्त दिसले, तरी दोन्हींचा दर एकच असतो.

पडद्यावर दिसणारी किंमत येते कोठून, हे मला फार उशिरा समजले. गूगलने २००२ मध्ये 'फ्रूगल' या नावाने वस्तूंच्या किमती शोधण्याची सोय सुरू केली, तेव्हा ती मुख्यतः संकेतस्थळांवरील किमती गोळा करत असे. जवळच्या दुकानात माल आहे की नाही हे दाखवायचे असेल, तर दुकानाला आपल्या साठ्याची आणि किमतींची यादी स्वतः पाठवावी लागते. ही यादी कित्येकदा दिवसातून एकदाच पाठवली जाते, त्यामुळे सकाळी 'उपलब्ध' म्हणून नोंदलेला शेवटचा नग दुपारपर्यंत विकला गेलेला असू शकतो. अशाच एका नोंदीवर विसंबून मी एकदा प्रिंटरच्या शाईसाठी भर उन्हात गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी दुकानात फोन करून क्रमांक वाचून दाखवतो, वस्तू मांडणीवर आहे का आणि दिसणारी किंमत दुकानातल्या खरेदीलाही लागू आहे का, हे विचारतो आणि शक्य असल्यास ती बाजूला ठेवायला सांगतो.

अनेक लहान दुकाने अशी यादी पाठवतच नाहीत. ती शोधात दिसत नाहीत, एवढ्यावरून ती महाग असतील असे मानणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून इंटरनेटवर मिळालेली सर्वांत कमी किंमत टिपून ठेवल्यानंतर, नकाशावर जवळ दिसणाऱ्या अशा एकदोन दुकानांनाही मी तोच क्रमांक सांगून भाव विचारतो.