किटलीतलं दूध आणि दोन क्लच

कोल्हापुरात गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून देतात. काहीजण पेला तिथंच तोंडाला लावतात, फेसाची मिशी पुसतात आणि चालू लागतात. आम्ही मात्र दोन लिटरची स्टीलची किटली भरून घरी आणतो. माझ्या जुन्या गिअरच्या गाडीतून हे दूध वर्षानुवर्षं राजारामपुरीपर्यंत आलं, आणि टोपणाच्या कडेला फेस लागण्यापलीकडं कधी काही झालं नाही. नवी गाडी घेतली त्या पहिल्याच संध्याकाळी पापाची तिकटी यायच्या आत पाव लिटर दूध आण्णांच्या विजारीवर होतं.

नवी गाडी ड्युअल क्लचची, म्हणजे गिअर आपले आपण बदलणारी. नावात क्लच दोन, पायाखाली एकही नाही. माझ्या डाव्या पायाला हे कुणी सांगितलं नव्हतं. रिक्षा आडवी आली, डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला, त्याला ब्रेकचं रुंद पेडल सापडलं, आणि क्लच दाबायच्या जोरानं त्यानं ते दाबलं. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. आण्णा काही बोलले नाहीत. रुमालानं विजार पुसत राहिले, ते जास्त लागलं.

डावा पाय आठवड्याभरात गप्प बसायला शिकला. खरा त्रास पुढं सुरू झाला. महामार्गावर ही गाडी लोण्यासारखी. गिअर कधी पडला कळत नाही. पण महाद्वार रोडच्या तोंडाशी, ताशी पाच-सात किलोमीटरच्या चालीत ती आचके द्यायची. ॲक्सिलरेटर दिला तर क्षणभर काहीच नाही, मग एकदम उडी. पाय काढला तर मान पुढं. थोडक्यात, जिथं आपली निम्मी जिंदगी जाते नेमक्या त्याच वेगाला गाडी नाराज.

आण्णांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. गाडी त्यांना कधी चालवता आली नाही, पण यंत्र कानानं कळतं. दोन दिवस शेजारी बसून ऐकलं आणि म्हणाले, "आरं, हाफ क्लच मारतंय ते. तू मारत नाहीस म्हणून ते मारतंय."

हाफ क्लच म्हणजे इंजिन चाकांशी पुरतं न जोडता क्लच अर्धवट घासत ठेवणं. एवढ्यात सगळं आलं. आत एका क्लचवर एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा. पहिल्या गिअरमध्ये गाडी चालत असते तेव्हा दुसरा गिअर बहुतेक वेळा लागून तयारच असतो, फक्त त्याचा क्लच सुटलेला. एकानं सोडलं की दुसरा धरतो. पुढं काय होणार याचा अंदाज मात्र यंत्राला आधी बांधावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर तो अंदाज बरोबर येतो. बिंदू चौकात कुणाचा आला आहे? दुसरा पडतोय तोवर आपण ब्रेक मारतो, पहिल्यावर येतोय तोवर परत ॲक्सिलरेटर देतो, मग ते बिचारं गोंधळतं. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मधे टॉर्क कन्व्हर्टरचं तेल असतं, धक्का तेल खातं. इथं तसली मऊ गादी नाही. गाडी रांगते ती क्लच-प्लेट घासून. त्यातून माझे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. घासून आलेली उष्णता घालवायला फक्त हवा.

ही कल्पना काही आजची नाही. आदोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच माणसानं दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती मांडली. हा गृहस्थ त्याआधी रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायचा. बाजारातल्या गाडीत ती यायला 2003 साल उजाडलं, फोक्सवागनच्या गोल्फ आर 32 मध्ये. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात गर्दीतून सावकाश येते, ती बघताना आता मला सोनं लुटायचं सुचत नाही. त्या चालकाचा डावा पाय काय करत असेल, एवढंच डोक्यात येतं.

धडा मिळाला जोतिबाच्या चढावर. रविवार, पुढं गाड्यांची रांग. आमच्या पिढीत चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरता आली की पोरगं ड्रायव्हर झालं असं मानायचे. मी तीच मर्दुमकी दाखवली. ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या टोकावर गाडी धरून ठेवली, पुढची सरकली की सरकवली. दहा मिनिटांत समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना, आणि नाकात जळका वास. आण्णांनी काच खाली केली, हुंगलं आणि म्हणाले, "लायनिंग." म्हणजे क्लच-प्लेटवरचा घासणारा थर. बाजूला घेतली, पार्कमध्ये टाकली, इंजिन चालूच ठेवून वीस मिनिटं थांबलो. मागून येणारा प्रत्येकजण "काय झालं?" म्हणून विचारून गेला. नवी गाडी बंद पडलेली बघण्यात माणसाला एक वेगळंच समाधान असतं.

तेव्हापासून चाल बदलली. चढावर थांबायचं तर ब्रेकवर. सपाटीला इंच-इंच सरकायचं नाही. पुढं गाडीभर जागा होईपर्यंत थांबायचं, मग ब्रेक पुरता सोडायचा, अर्धवट नाही, आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं. ॲक्सिलरेटर दिलाच तर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. फाटकाचा उंबरठा रिव्हर्समध्ये चढवणं अजून जमलेलं नाही. तिथं मी शेजाऱ्यांच्या कुंडीला धोका आहे.

अडचण एकच. कोल्हापुरात पुढं गाडीभर जागा सोडणं म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण. एक मोपेड शिरते, तिच्यामागं दुसरी, मग "सर की भावा जरा" म्हणत भाजीचा गाडा. मी परत जागा सोडतो, परत भरते. या हिशोबानं मी गंगावेशेतच राहिलो असतो.

परवा दूध घेऊन निघालो तर कट्ट्यावरून घरी निघालेल्या चार म्हशी पुढं. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी नटूनथटून मालकाच्या मोटारसायकलमागं काय सुटतात! सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज ऐकला की वाऱ्यासारख्या. एरवी मात्र त्यांच्या चालीला कुठलाच गिअर पुरा पडत नाही. मी शहाण्यासारखा थांबलो, जागा सोडली, ब्रेक सोडला, गाडी रांगली, परत थांबलो. किटली आण्णांच्या दोन पायांत. थेंब हलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तेवढ्यात मागं राहिलेली पाचवी म्हैस उजवीकडून आली आणि मी सोडलेल्या जागेत आडवी उभी राहिली.

उजव्या पायानं ब्रेक नीट, हळू दाबला. गाडी थांबली. आण्णांनी टोपण उचलून दूध बघितलं, मग खाली वाकून माझ्या पायाकडं बघितलं. डावा पाय टाचेपासून ताठ, रबरी मॅटवर पूर्ण ताकदीनं दाबलेला.

"तो आजून ड्यूटीवर हाय की रं," म्हणाले.

म्हशीनं शेपटी बॉनेटवर एकदा फिरवली. घाई तिलाही नव्हती.