डीएलएल सापडत नाही म्हणून गेम बंद: फाइलच्या नावावरून दुरुस्ती

विंडोज ११ नव्याने टाकलेलं मशिन आणि जुन्या संगणकावरून हार्डडिस्कने उचलून आणलेला गेमचा फोल्डर. डबल क्लिक केलं की एमएसव्हीसीपी१२०.डीएलएल सापडत नसल्याची चौकट. डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालताना लागणारी, बऱ्याचदा अनेकांत सामायिक असलेली कोडची फाइल. ओके म्हटलं की डी३डीएक्स९_४३, मग एक्सइनपुट१_३. फोल्डर कॉपी करून आणलेल्या गेमचं हे नेहमीचं दुखणं. गेमचा इन्स्टॉलर स्वतःच्या फायलींशिवाय दोन-तीन सामायिक पॅकेजं विंडोजमध्ये बसवतो. फोल्डर उचलला तरी ती जुन्या मशिनवरच राहतात. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम असेल तर फोल्डरच्या आसपास ‘_कॉमनरीडिस्ट’ शोधा, बरीचशी पॅकेजं तिथेच पडलेली असतात.

डीएलएल नुसती उतरवून देणाऱ्या साइटवर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. व्हायरसचं भय आहेच, पण फाइल निर्मळ असली तरी काम बहुधा होत नाही. या मशिनवर कुणीतरी तशी एक फाइल आधीच टाकून ठेवली होती, त्यामुळे ०एक्ससी००००००७बी हा आकडाही अधूनमधून दिसत होता. ३२ बिट गेमच्या वाट्याला ६४ बिट फाइल आली, किंवा उलट झालं, की साधारणपणे हा आकडा येतो. विंडोजमधली नावंही फसवी आहेत: सिस्टिम३२ मध्ये ६४ बिट फायली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिट. बाहेरून आणून टाकलेली फाइल मी आधी काढली. गेमच्या फोल्डरातही पाहिलं, कारण गेम डीएलएल शोधताना सहसा सर्वांत आधी स्वतःच्याच फोल्डरात डोकावतो. तिथे चुकीची प्रत पडून असेल तर सिस्टिममधली बरोबर प्रत वापरलीच जात नाही.

मग नावं वाचायची. एमएसव्हीसीपी किंवा एमएसव्हीसीआर म्हणजे व्हिज्युअल सी++ ची रनटाइम, म्हणजे त्यात लिहिलेले प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फायली, आणि मागचा आकडा तिची पिढी सांगतो. १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३, आणि १४० म्हणजे २०१५ व त्यानंतरची सगळी. १३० नावाची पिढी निघालीच नाही. २०१५ ते २०२२ साठी एकच पॅकेज पुरतं, पण २०१०, २०१२ आणि २०१३ ही प्रत्येकी वेगळी घ्यावी लागतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. म्हणून ‘जुनी कशाला हवीत’ म्हणत बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीतली जुनी व्हिज्युअल सी++ उडवू नका. व्हीसीरनटाइम१४०_१ ही फाइल २०१९ च्या पॅकेजपासून आली. त्यामुळे २०१५ चं पॅकेज असूनही ती सापडत नसेल तर ताजं पॅकेज बसवायचं. २००५ आणि २००८ च्या पॅकेजांची तक्रार वेगळ्या शब्दांत येते, ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’ चुकीचं असल्याचा संदेश दिसतो.

या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१३ चं पॅकेज घेतलं, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही. विंडोज ६४ बिट आहे म्हणून नुसतं एक्स६४ टाकणारे बरेच जण भेटतात. जुना गेम ३२ बिट असला की त्याला एक्स८६ च लागतं. दोन्ही टाकली की विचार करायचं कारण उरत नाही. मध्येच ०एक्स८००७०६६६ आलं तर घाबरू नका, त्याहून नवी आवृत्ती आधीच बसलेली असते. अशा वेळी कंट्रोल पॅनलमध्ये त्या नावावर ‘चेंज’ आणि मग ‘रिपेअर’.

डी३डीएक्स९ आणि एक्सइनपुट१_३ चं घराणं वेगळं, ते डायरेक्टएक्सचं, म्हणजे गेमचं ग्राफिक्स आणि आवाज सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेचं. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो: डायरेक्टएक्सची माहिती दाखवणारं डीएक्सडायग उघडलं तर डायरेक्टएक्स १२ दिसतं, मग ९ ची फाइल का नाही? कारण डी३डीएक्स हा विंडोजबरोबर येणारा भागच नाही. ती गेम बनवणाऱ्यांसाठीची मदतनीस लायब्ररी होती, तिचे २४ पासून ४३ पर्यंत क्रमांक निघाले आणि प्रत्येक गेमला नेमका आपलाच क्रमांक लागतो. ४३ आहे म्हणून ४१ चं काम भागत नाही. हे सगळे क्रमांक जून २०१० च्या डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइममध्ये एकत्र मिळतात. ती फाइल चालवली की फोल्डर विचारते. रिकामा फोल्डर द्यायचा, त्यात पुष्कळशा कॅब फायली (दाबून बांधलेली गाठोडी) ओतल्या जातात. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘टाकलं तरी फरक नाही’ म्हणतात. अजून काहीच बसलेलं नसतं. त्या फोल्डरात जाऊन डीएक्ससेटअप चालवायचं, तेव्हा खरं इन्स्टॉल होतं. विंडोजमधल्या डायरेक्टएक्स १२ ला त्याने धक्का लागत नाही.

एक्सऑडिओ२_७ ही डायरेक्टएक्सचीच आवाजाची फाइल नुसती कॉपी करून का चालत नाही, असं विचारतात. तिची रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंद लागते आणि ते काम डीएक्ससेटअप करतं. उलट व्हिज्युअल सी++ च्या फायलींना अशी नोंदच नसते, म्हणून त्यांच्यावर रेगएसव्हीआर३२ ही नोंद करणारी आज्ञा चालवण्याचा सल्ला फुकाचा.

दुसरा फुकाचा सल्ला म्हणजे प्रत्येक रोगावर एसएफसी /स्कॅननाऊ. ही आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या फायली दुरुस्त करते, डी३डीएक्स९_४३ परत आणत नाही. गेमबरोबर इतर प्रोग्रॅमही कोसळत असतील तर ती जरूर चालवा, पण आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत उचलते तोच साठा बिघडलेला असला तर आधी तो सुधारावा लागतो.

स्टीम_एपीआय६४ सारखं नाव आलं तर ती फाइल गेमचीच. बहुधा अँटीव्हायरसने उचललेली असते. विंडोज सिक्युरिटीतली प्रोटेक्शन हिस्टरी पाहा, मग स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून फायलींची पडताळणी करा. एमएफप्लॅट ही मीडियाची फाइल नसेल आणि विंडोज ‘एन’ आवृत्तीची (मीडियाचे भाग वगळलेली) असेल, तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक टाकायचा.

व्हिज्युअल सी++ आणि डायरेक्टएक्स दोन्हीची पॅकेजं बसवून रीस्टार्ट केल्यावर चौकटी थांबल्या, गेम मेन्यूपर्यंत आला आणि न बोलता बंद पडला. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा: विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, आयडी १०००. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ची, म्हणजे कोणत्या फाइलमध्ये गेम कोसळला त्याची, ओळ असते. तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस या विंडोजच्या मूळ फायली दिसल्या तरी त्या फायली बदलायला जाऊ नका, बिघाड दुसरीकडचा असतो आणि तो फक्त तिथे उघडा पडतो. इथे मात्र एनव्हीडब्ल्यूजीएफ२यूएम होतं, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा भाग. ड्रायव्हर नव्याने उतरवला, इन्स्टॉल करताना कस्टम निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक केली, आणि गेम चालू झाला.