टार्गेट हुकलं की चिठ्ठी

व्याजदराच्या बातम्यांमध्ये मला सगळ्यात जास्त मजा वाटते ती गव्हर्नरच्या पत्रांची. सेंट्रल बँकेला, म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेला, महागाईचं टार्गेट दिलेलं असतं आणि ते हुकलं की का हुकलं हे सरकारला लेखी कळवायचं, शाळेत गैरहजर राहिल्यावर चिठ्ठी द्यायचो ना, जवळपास तसंच.

ब्रिटनमध्ये टार्गेट 2 टक्के, एका टक्क्याहून जास्त वरखाली झालं की अर्थमंत्र्यांना जाहीर पत्र. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मर्विन किंग यांनी पहिलं पत्र लिहिलं 2007 मध्ये, महागाई किती, तर 3.1! ब्राझीलमध्ये कोणी वाचलं असेल तर हसलं असेल, कारण तिकडे 2002 साली निवडणुकीच्या धास्तीने पैसा पळाला, तिथलं चलन रिआल डॉलरपुढे आपटलं, बाहेरून येणारं सगळं महागलं आणि वर्षअखेरीला महागाई साडेबारा टक्के. जानेवारी 2003 च्या पत्रात तिथल्या सेंट्रल बँकेने त्या वर्षाचं टार्गेटच वाढवून 8.5 केलं. चीटिंग? मला तरी तो प्रामाणिकपणा वाटतो, न झेपणारा आकडा धरून बसलं असतं तर इंडस्ट्री बसली असती. व्याजदर 26.5 टक्क्यांवर नेऊनसुद्धा महागाई 9.3 आलीच.

हत्यार तेच, व्याजदराचं, पण सगळीकडे सारखं चालत नाही. अमेरिकेच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा साधारण 13-14 टक्के, भारताच्या 2012 पायावर्षाच्या निर्देशांकात जवळपास 46. आता रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) वाढवून पाऊस थोडीच पडतो!

मग टार्गेट हवंच कशाला? तर लोकांच्या डोक्यातल्या आकड्यासाठी. उद्या भाव फार वाढणार नाहीत असं वाटलं की पगार मागणारा आणि मालाचा भाव ठरवणारा दोघंही दमाने घेतात. न्यूझीलंडने 1990 मध्ये 0 ते 2 टक्के ठरवून सुरुवात केली ती याचसाठी. आणि हा विश्वास गेला की काय होतं ते तुर्कस्तानात दिसलं, 2021 मध्ये महागाई चढत असताना व्याज 19 वरून 14 वर आणलं, तिथलं चलन लिरा कोसळलं, त्यात तेल-धान्य महाग, ऑक्टोबर 2022 ला महागाई 85 च्या वर.

त्याच वर्षी भारतातही सलग तीन तिमाही महागाईची 6 टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, रिझर्व्ह बँकेने नियमाप्रमाणे सरकारला पत्र दिलं, पण ते जाहीर केलं नाही. मला तेच वाचायचं होतं राव.