शिशाचा अर्धा गुण

नववीच्या सहामाहीत प्रश्न आला होता: ध्वनी हवेपेक्षा लोखंडात वेगाने का जातो? मी लिहिलं, ‘कारण लोखंडाची घनता जास्त असते.’ निम्म्या वर्गाने हेच लिहिलं होतं आणि निम्म्या वर्गाला शून्य मिळालं. बाकीच्यांनी ते गिळलं. मी पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

विज्ञानाच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “शिसं लोखंडाहून जड. मग शिशात आवाज आणखी पळत असेल, नाही का? जा, बघून ये.”

वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकाच्या शेवटी तक्ता होता. हवेत सेकंदाला ३४३ मीटर, पाण्यात १,४८० च्या आसपास, लोखंडाच्या सळईत ५,००० च्या वर. इथवर माझंच खरं होतं. शिशाच्या सळईपुढे मात्र जेमतेम १,२००. म्हणजे पाण्यापेक्षाही कमी! वर हेलियम, हवेच्या सातपट हलका, तरी त्यात आवाज हवेच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. माझं उत्तर दोन्हीकडून आपटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला व्हरांड्यात रांगेत उभं केलं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. शेवटच्याला हलकेच ढकललं. हात सैल असताना धक्का पुढे पोचायला बराच वेळ लागला. ताठ केले तेव्हा क्षणात पोचला. मग बाई म्हणाल्या, “आता दप्तरं पाठीवर घ्या.” हात ताठच, पण धक्का रेंगाळला. हात म्हणजे कणांमधली ताठरता, दप्तर म्हणजे घनता. घनता आवाजाला मागे ओढते. लोखंडात तो पळतो ते लोखंड जड असूनही, कारण त्याची ताठरता हवेपेक्षा प्रचंड आहे. शिसं जड आणि वर मऊ, म्हणून तिथे तो रखडतो. (त्या दिवशी माझ्या दप्तरात वह्यांशिवाय काय काय होतं, ते इथे सांगत नाही.)

बियोची गोष्ट त्याच तासाला ऐकली. १८०८ मध्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या ९५१ मीटर लांबीच्या ओतीव लोखंडी नळावर प्रयोग केला. एका टोकाला ठोका पडला की दुसऱ्या टोकाला दोन ऐकू येत: पहिला लोखंडातून, दुसरा नळातल्या हवेतून, सुमारे अडीच सेकंदांनी. आम्हालाही दोन ठोके हवे होते. व्हरांड्याच्या कठड्यावर एकच ऐकू आला, कारण पंधरा मीटरांत दोन आवाजांमधलं अंतर कानाला कळण्याइतकं उरतच नाही. मग मैदानाकडेचा अखंड जोडलेला लांब पाइप धरला, साधारण सत्तर मीटरांचा. पलीकडून मैत्रिणीने दगड मारला. माझा एक कान पाइपला टेकलेला, दुसरा मोकळा. टेकलेल्या कानात ‘टण्’, आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने मोकळ्या कानात ‘टक्’. इतकंसं अंतर, पण मी ते वीसेक वेळा ऐकलं. मैत्रीण वैतागून निघून गेली.

पेपर पुन्हा बाईंकडे नेला. शिसं, हेलियम, दप्तरं, सगळं धडाधड सांगितलं. त्यांनी शून्य खोडून अर्धा गुण दिला. उरलेला अर्धा का नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, “पेपरात अजून ‘घनता’च लिहिलंय.”

तो अर्धा गुण आजही माझा येणं आहे.