चालत्या गाडीत बॅटरी भरताना पेट्रोल किती जातं : माझा अनुभव

"प्लगची काळजीच करू नका साहेब, ही गाडी धावता धावता स्वतःच चार्ज होते." पुण्यात वापरलेली गाडी दाखवताना विकणाऱ्याने हे सांगितलं आणि माझी मोठी अडचण सुटली असं मला वाटलं. आमचं घर नागपुरात प्रतापनगरला, जुन्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंग आहे, पण तिथे सॉकेट नाही. सोसायटीत चार्जरचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा "पुढच्या मीटिंगला पाहू" असं म्हणून मागे पडला. म्हणून ते वाक्य ऐकल्यावर मी व्यवहार पक्का केला.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी म्हटलं की बहुतेकांना इनोव्हा हायक्रॉस आठवते. तिच्यात बॅटरी लहान असते आणि बाहेरून वीज द्यायची सोय नसते. माझी प्लग-इन आहे, म्हणजे प्लग लावून बाहेरच्या विजेवरही भरता येते. पुढची चाकं पेट्रोल इंजिनावर चालतात, मागची मोटरवर. बॅटरी दहा युनिटांच्या आसपासची, पण त्यातले सातच वापरायला मिळतात, बाकीचे गाडी बॅटरीच्या आयुष्यासाठी राखून ठेवते. वजन दोन टनांच्या वर. स्क्रीनवर तीन गोष्टी निवडता येतात. हायब्रिड म्हणजे गाडीच ठरवते इंजिन कधी लावायचं. होल्ड म्हणजे बॅटरी आहे तेवढी राखायची. आणि चार्ज म्हणजे इंजिन चालू ठेवून त्याच्याकडून बॅटरी भरून घ्यायची.

पहिला दीड महिना मी रोज सकाळी घरून निघतानाच चार्ज दाबत होतो. सिव्हिल लाइन्सला ऑफिस, जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. संध्याकाळी बॅटरीचा आकडा चढलेला दिसला की बरं वाटायचं. मग महिन्याचं पेट्रोल मोजलं. लिटरला सात किलोमीटरसुद्धा पडत नव्हते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी तपासली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली.

पहिल्या मजल्यावर एक काकाजी राहतात. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. एका रात्री खाली भेटले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही गाडीत पॉवर स्टेशन चालवून राहिले ना? मग हीट रेट काढा. एका युनिटाला किती इंधन गेलं ते पाहा. बाकी सगळं बाजूला ठेवा."

मग पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून त्यांनी जे समजावलं, तेच या सगळ्या अनुभवाचं मूळ आहे. वीज केंद्रातला संच पूर्ण भारावर चालतो तेव्हा दर युनिटाला कमी कोळसा लागतो. भार उतरला की दर युनिटाचा कोळसा वाढतो, कारण एवढं मोठं यंत्र नुसतं फिरतं ठेवायलाच काही कोळसा जातो. वीज निघो न निघो, तो जातोच. तो खर्च एकदा झाला की त्यावरचा प्रत्येक जादा युनिट स्वस्तात पडतो. वाफेच्या इंजिनांवर प्रयोग करून विलन्स नावाच्या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच याची सरळ रेषा काढली होती, आणि गाडीच्या इंजिनालाही ती बरीचशी लागू पडते. "म्हणून सरासरी पाहू नका," काकाजी म्हणाले, "वाढीव पाहा. चार्ज लावल्यामुळे जास्तीचं पेट्रोल किती गेलं आणि जास्तीचे युनिट किती आले, एवढंच."

कागदावरचा हिशोब त्यांनीच मांडून दिला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट उष्णता असते. चांगलं इंजिन योग्य भारावर असलं तर त्यातली एक तृतीयांश किंवा थोडी जास्त कामाला येते. गर्दीत रखडत चाललं तर पाचवा हिस्साही मिळणं कठीण. पुढे जनरेटर, बॅटरीत भरणं, बॅटरीतून काढणं, मोटर, प्रत्येक टप्पा आपला वाटा कापून घेतो. सगळे मिळून जवळजवळ पाव भाग जातो. म्हणजे चार्जची वीज फुकट कधीच नसते. ती किती महाग पडते, तेवढंच मोजायचं राहतं.

मोजायला मी मे महिना निवडला. नागपूरचा मे तर सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवसांत मला पहाटे वेळ होता आणि पहाटेचं तापमान रोज जवळजवळ सारखं असायचं. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. पेट्रोल दर अंशाला सुमारे हजारात एक भाग फुगतं. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी टाकी भरली, तर नुसत्या उन्हामुळे दीड-दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच जागी उभी आणि नोझल पहिल्यांदा आपोआप थांबलं की भरणं बंद. पंपावरच्या पोराला मी पहिल्याच दिवशी काय करतो आहे ते सांगितलं होतं. तिसऱ्या दिवसापासून तोच म्हणायला लागला, "भाऊ, थोडी पुढे घ्या, कालच्या जागेवर नाही आली."

रस्ता समृद्धी महामार्गाचा घेतला. शिवमडक्याहून वर चढलं की सिग्नल नाही, दुचाकी नाही, क्रूझ कंट्रोलवर ताशी ९० लावून ठेवता येतं. पंपापासून पंपापर्यंत १२० किलोमीटरची फेरी. टायरची हवा निघताना तपासलेली, एसी २५ वर. प्रत्येक फेरीला बॅटरी आदल्या दिवशी शहरात फिरून रिकामी केलेली. तीन फेऱ्या होल्डवर, तीन चार्जवर, आलटून पालटून.

होल्डवर लागलं १०.१, १०.३ आणि १० लिटर. चार्जवर १२.७, १३ आणि १२.८. म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला सरासरी २.७ लिटर जास्तीचं पेट्रोल गेलं आणि सात युनिट हातात आले. लिटरला अडीच युनिटांच्या थोडं वर. काकाजींनी कागदावर काढलेल्या आकड्याच्या इतकं जवळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. ती वही मी जपून ठेवली आहे.

त्या सात युनिटांवर शहरात एसी लावून २८ किलोमीटर झाले. २.७ लिटरमध्ये २८ किलोमीटर, म्हणजे लिटरला जेमतेम साडेदहा. आता त्याच रस्त्यांवर, बॅटरी रिकामी असताना साध्या हायब्रिडवर गाडी काय देते? तेही मोजलं. तेवढंच, साडेदहा. हमरस्त्यावर बॅटरी भरून शहरात वापरली, तर तोटाही नाही आणि फायदाही नाही. मी वहीत हा आकडा तीनदा तपासला, कारण मला काहीतरी ठळक निघेल अशी अपेक्षा होती.

ठळक उत्तर निघालं ते शहरात. प्रतापनगर, सीताबर्डी, सदर, कामठी रोड आणि परत, अशी ३० किलोमीटरची फेरी मी संध्याकाळच्या गर्दीत केली. दोन संध्याकाळी हायब्रिडवर, दोन चार्जवर. हायब्रिडवर ६० किलोमीटरला ५.७ लिटर. चार्जवर ९.२. जास्तीचे साडेतीन लिटर देऊन बॅटरीत आले फक्त सहा युनिट, म्हणजे पुढचे २४ किलोमीटर. लिटरला सातसुद्धा नाही.

कारण काकाजींच्या रेषेतच आहे. हमरस्त्यावर इंजिन तसंही चालूच असतं, त्याला फिरतं ठेवण्याचा खर्च आधीच झालेला असतो, त्यावर थोडा भार वाढवला की वीज त्यातल्या त्यात स्वस्तात निघते. शहरात साधा हायब्रिड सिग्नलला, हळू चालताना इंजिन बंदच करतो. चार्ज दाबला की ते बंद होत नाही. व्हेरायटी चौकात तुम्ही दीड मिनिट उभे आहात आणि केवळ बॅटरीसाठी दोन लिटरचं इंजिन फिरतं आहे. फिरतं ठेवण्याचा सगळा खर्च त्या दोन-चार युनिटांच्या बोकांडी बसतो. शिवाय नागपूरच्या उन्हात भरत असलेली बॅटरी थंड ठेवायलाही गाडी आपलीच वीज खाते. माझा पहिला दीड महिना नेमका असाच गेला होता.

मग हे बटण दिलंच कशाला? युरोपातल्या काही शहरांत जुन्या किंवा जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी किंवा शुल्क असलेले भाग आहेत. वस्तीत शिरण्याआधी हमरस्त्यावर बॅटरी भरून घ्यावी आणि आत धूर न सोडता फिरावं, यासाठी ते उपयोगी आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी नाही. पण तिकडेही प्लग न लावता फिरणारे खूप आहेत असं दिसतं. २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांच्या प्रत्यक्ष वापराचे आकडे युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. गाड्या अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळा चार्ज होतात, हे त्याचं मुख्य कारण. ते वाचलं तेव्हा मला आमचं सॉकेट नसलेलं पार्किंग आठवलं.

वही घेऊन मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो. सात युनिट बॅटरीत जायला मीटरवर आठच्या थोडं वर पडतात. बिलातला सगळ्यात वरचा टप्पा धरला तरी दीडशे रुपयांच्या आत. तेच सात युनिट पेट्रोलमधून काढले तर २.७ लिटर, म्हणजे पावणेतीनशेच्या वर. वीज स्वच्छ आहे असा दावा मी केला नाही. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशातून येते आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेचा त्रास तिथली गावं सोसतात, हे काकाजी शेजारी बसलेले असताना मी वेगळं काही बोलू शकत नव्हतो, आणि बोलायचंही नव्हतं.

आक्षेप दोन होते : लोड आणि आग. दोन्ही रास्त. गाडीसोबतची केबल १० अँपिअर घेते, म्हणजे जवळपास एका गिझरइतका भार. तो माझ्याच मीटरवर, माझ्या मंजूर भारात बसतो, हे बिल दाखवून सांगितलं. आगीबद्दल काकाजी बोलले. मीटर रूममधून तांब्याची चार चौरस मिलिमीटरची केबल पाइपातून, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा), आणि अर्थिंग आधी मोजून घ्यायचं. "अर्थिंग चांगलं नसेल तर मी स्वतःच नाही म्हणीन," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या वाक्यावर मंजुरी मिळाली. अर्थिंग खरोखरच खराब निघालं. नवा खड्डा करावा लागला, त्यात तीन आठवडे गेले. आता सगळ्या इमारतीचं अर्थिंग सुधारलं आहे.

आता रात्री प्लग लावतो, साडेतीन-चार तासांत बॅटरी भरते. ऑफिसचे बावीस किलोमीटर विजेवरच होतात. शनिवारी वर्ध्याला आई-बाबांकडे जातो तेव्हा शहर विजेवर ओलांडतो, हमरस्त्यावर होल्ड लावतो आणि राहिलेले युनिट वर्ध्याच्या गल्ल्यांत वापरतो. चार्जच्या बटणाला मेपासून हात लावलेला नाही. आईकडे मागच्या अंगणात मोटरपंपासाठी एक जुना १६ अँपिअरचा पॉइंट आहे. मागच्या शनिवारी काकाजी सोबत आले होते. जेवणाआधी त्यांनी त्याचं अर्थिंग मोजलं, मान हलवली, आणि आईला म्हणाले, "वहिनी, वायरमन बोलवा, मग लावू देऊ याला."